अधिकारपदाची प्रतीक्षा : चिंचवड ते खडकवासला

मुंबईहून पुण्याकडे येणारा जुना हमरस्ता देहूरोड ओलांडून निगडी, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी असा दापोडीस पोचतो. या रस्त्याच्या आरंभी देहूरोडची छावणी आणि दारूगोळ्याचे कोठार आहे. शेवटी दापोडीस कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आहे. ही संस्था रुरकीहून १९४८ साली येथे आली. मुळेचा पूल ओलांडला की खडकी लागते व तेथे बॉम्बे सॅपर्सचे जुने ठाणे आहे. मधल्या पट्ट्यात १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची उभारणी झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कारखान्यांची रीघ लागली, आणि नव्या शतकात ती रीघ इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत गेली. औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या पट्ट्याकडे पुष्कळ लक्ष दिले आहे. परंतु येथील तरुणांच्या मनात सैन्यातील अधिकारपदाला कोणते स्थान होते आणि आहे, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. लष्कराचा शेजार असणे आणि लष्करात अधिकारपद मिळणे या दोन अगदी भिन्न गोष्टी होत. त्यांच्यामधले अंतर सुमारे सव्वाशे वर्षे कसकसे बदलत गेले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ चिंचवडपासूनच करणे युक्त ठरेल. २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडणारे दामोदर हरी चाफेकर हे मूळचे चिंचवडचे. त्यांनी कारावासात लिहिलेल्या आत्मवृत्तात आपल्या लष्करी आकांक्षेविषयी जे सांगितले आहे त्याकडे चरित्रकारांचे लक्ष क्वचितच जाते. आपल्याला शिपाईगिरीची आवड होती, सैन्यात शिरण्याचा आपण प्रयत्न केला आणि तो निष्फळ झाला, असा त्या निवेदनाचा आशय आहे. या नकारातूनच पुढील कृत्य उद्भवले असे म्हणणे इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाही. प्लेगच्या काळातील अत्याचार, धर्मभावना, त्या काळचे राजकारण ही कारणे स्वतंत्र आणि बलवत्तर होती. तरीपण एक गोष्ट निर्विवाद आहे. १८९० नंतरच्या काळात पुणे प्रांतातल्या सुशिक्षित ब्राह्मण तरुणास सैन्याचे दार बंद होते, आणि ज्यांस शिपाई म्हणून ते उघडे होते त्यांनाही सुभेदार-मेजरच्या पलीकडे पाऊल टाकता येत नव्हते. कालचा विलायतेहून आलेला वीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट हा तीस वर्षे नोकरी झालेल्या सुभेदाराचा वरिष्ठ असे.

ज्यांच्यावर याहून मोठा अन्याय झाला त्यांचा उल्लेख या ठिकाणी टाळता येत नाही. महार समाजातील लोक कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांतापायी त्यांची भरती बंद पडली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी दख्खनच्या महारांच्या वतीने थेट भारतमंत्र्याकडे विनंतीअर्ज धाडला. त्या अर्जातील मागणी अधिकारपदाची नव्हती. सैन्यात आणि पोलिसात नोकरी मिळावी एवढीच होती. १९१७ साली महायुद्धाच्या निकडीने १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ साली मोडली गेली, आणि महार रेजिमेंट उभी राहावयास १९४१ साल उजाडले. एका व्यक्तीने निवडीच्या यादीची वाट पाहणे आणि एका समाजाने पन्नास वर्षे दाराशी उभे राहणे यांची तुलना होऊ शकत नाही, हे पुढील विवेचन वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

लॉर्ड कर्झनने १९०१ साली इंपीरियल कॅडेट कोअर स्थापन केले. ते संस्थानिकांच्या व सरदारांच्या मुलांकरिता होते आणि त्यातून मिळणाऱ्या सनदेने गोऱ्या सैनिकांवर हुकमत चालत नसे. खरा बदल १९१७ च्या ऑगस्टात झाला. माँटेग्यूच्या घोषणेच्या मागोमाग नऊ हिंदी गृहस्थांस ‘किंग्ज कमिशन’ देण्यात आले, आणि १९१८ पासून सँडहर्स्ट येथे हिंदी उमेदवारांकरिता वर्षाला दहा जागा राखून ठेवण्यात आल्या. सबंध हिंदुस्थानात मिळून दहा! इंदूरच्या डेली कॉलेजातील तात्पुरत्या वर्गातून १९१९ अखेर काही तरुण बाहेर पडले, त्यांत करिअप्पा होते. परंतु तो वर्ग पुढे चालविला गेला नाही. सँडहर्स्टच्या दहा जागांसाठी नुसती परीक्षा देऊन भागत नसे. प्रथम प्रांतिक सरकारची शिफारस, मग वरिष्ठांच्या मुलाखती, मग परीक्षा, आणि अखेरीस विलायतेतील वास्तव्याचा खर्च पेलण्याची घरची ताकद. मध्यमवर्गीय पालकांच्या दृष्टीने यांतील शेवटची पायरीच सर्वांत उंच होती. मुलगा तेथे नापास होऊन परत आला तर पैसाही गेला आणि वयही गेले, अशी स्थिती होई; आणि नापास होणाऱ्यांचे प्रमाण अल्प नव्हते.

अशा परिस्थितीत कोल्हापूरकडील वडगावचे शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे १९२६ साली सँडहर्स्टमधून कमिशन घेऊन बाहेर पडले, ही गोष्ट मराठी समाजाच्या दृष्टीने अपवादात्मकच म्हणावी लागेल. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले, कोरियात भारतीय संरक्षक दलाचे नेतृत्व त्यांनी केले, आणि इंग्रजीत एक वाचनीय आत्मचरित्र लिहिले. मात्र अशा यशस्वी पुरुषांच्या आत्मचरित्रांवरच विसंबून राहिल्यास इतिहास एकांगी होतो. सरकारी राजपत्रात निवड झालेल्यांची नावे छापली जातात. न निवडलेल्यांची छापली जात नाहीत. त्यामुळे या विषयाची साधने स्वभावतःच विजेत्यांच्या बाजूची आहेत.

१९२५ साली नेमलेल्या स्कीन समितीने सँडहर्स्टच्या जागा वाढवाव्यात आणि १९३३ पर्यंत हिंदुस्थानातच लष्करी महाविद्यालय काढावे अशी शिफारस केली. तिचा पाठपुरावा मध्यवर्ती विधिमंडळात ज्यांनी नेटाने केला त्यांत नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे अग्रभागी होते. १९३१ साली सरसेनापती चेटवुड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीवर ते सभासद होते. त्यांच्या राजकारणाविषयी, विशेषतः त्याच वर्षीच्या त्यांच्या इटलीतील भेटीविषयी, अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत आणि ते असणे योग्यच आहे. प्रस्तुत विषयापुरते एवढे नमूद करावयाचे की, दार उघडले तरी त्यातून आत जाण्याजोगी मुले तयार नाहीत ही अडचण त्यांनी अचूक ओळखली होती. नाशिकची भोंसला मिलिटरी स्कूल १९३७ साली सुरू झाली ती या जाणिवेतून. पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल १९३२ सालीच निघाली होती. डेहराडूनची इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमी त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी चाळीस छात्रांनिशी उघडली. तेथील जागा खुली स्पर्धा, सैन्यातील सेवा आणि संस्थानी फौजा अशा तीन वाटांनी भरल्या जात. हा तपशील महत्त्वाचा आहे. आज ज्यांस आपण ‘पर्यायी मार्ग’ म्हणतो ते मुख्य मार्गाच्या जन्मापासूनच त्याच्या बरोबर आहेत. आणखी एक विसंगती अशी की, डेहराडूनच्या पदवीधरास मिळालेली सनद सँडहर्स्टवाल्यांच्या सनदेहून अधिकाराने व वेतनाने उणी होती. तेव्हा ज्यास आपण राजमार्ग समजतो तोही त्या काळी एक दुय्यम मार्गच गणला जात होता.

दुसऱ्या महायुद्धाने ही सारी मोजमापे विस्कटून टाकली. एरवी वर्षाकाठी काही दशके अधिकारी तयार करणाऱ्या सरकारला हजारो अधिकारी हवे झाले. महू, बंगलोर, बेळगाव येथे अधिकारी प्रशिक्षण शाळा निघाल्या व ‘आणीबाणीचे कमिशन’ देणे सुरू झाले. निवडीची पद्धतही बदलली. घराणे आणि शिफारस यांच्या जागी १९४३ पासून मानसशास्त्रीय कसोट्या, गटातील कामे व मुलाखत यांचा उपयोग करणारी निवड मंडळे आली. आजचे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड हे त्यांचेच वंशज होय. दोरखंड, फळ्या, पिंपे घेऊन ओढा ओलांडण्याचा जो खेळ आजचा उमेदवार पाच दिवसांच्या त्या मुक्कामात खेळतो, त्याचा जन्म युद्धकाळच्या ब्रिटनमध्ये झाला आहे.

या काळातील तीन मराठी मुलखाशी संबंधित चरित्रे मी येथे जरा विस्ताराने देतो, कारण नियमांच्या वर्णनाने जे ध्यानात येत नाही ते चरित्रांनी येते.

पहिले चरित्र राम राघोबा राणे यांचे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राणे १० जुलै १९४० रोजी साधे सैनिक म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. ब्रह्मदेशच्या लढाईत त्यांनी नाव मिळविले, आणि १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ८ ते ११ एप्रिल १९४८ या दिवसांत, नौशहरा ते राजौरी या रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे त्यांनी जखमी अवस्थेत, शत्रूच्या माऱ्याखाली दूर केले व रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांस परमवीरचक्र मिळाले. त्यांनी कोणत्याही अकादमीच्या यादीची वाट पाहिली नव्हती; साडेसात वर्षे खालच्या पायऱ्यांवर काम करीत ते वर आले होते. खडकीच्या ज्या दलात ते वाढले ते दापोडीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर आहे.

दुसरे चरित्र अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचे. मुंबईत जन्मलेला व पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिकलेला हा पारशी मुलगा १९४० साली मॅट्रिक झाला आणि त्याने अर्ज केला तो हैदराबाद संस्थानच्या फौजेत. १९४२ साली त्यास संस्थानच्या पायदळात कमिशन मिळाले. परंतु त्याची ओढ चिलखती दलाकडे होती. हातबाँबच्या सरावात एका शिकाऊ सैनिकाच्या हातून बाँब भलत्याच ठिकाणी पडला. तारापोरांनी तो उचलून दूर फेकला व स्वतः जखमी झाले. संस्थानी फौजेचे सेनापती एल एद्रूस यांनी बोलावून प्रशंसा केली, तेव्हा त्यांनी बदली मागितली ती रिसाल्यात. संस्थान विलीन झाल्यावर त्यांचा प्रवेश पूना हॉर्समध्ये झाला, आणि त्याच रिसाल्याचे नेतृत्व करीत असता १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट क्षेत्रात त्यांस वीरमरण आले. त्यांनाही परमवीरचक्र मिळाले. संस्थानी फौजांची वाट आज नकाशावरून पुसली गेली आहे. ती अस्तित्वात होती हेही आपले विद्यार्थी विसरत चालले आहेत.

तिसरे चरित्र जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचे. अलिबागला जन्मलेले वैद्य जानेवारी १९४५ मध्ये, युद्ध संपत आले असता, आणीबाणीचे कमिशन घेऊन डेक्कन हॉर्समध्ये दाखल झाले. हे कमिशन युद्धापुरते होते. युद्ध संपल्यावर अशा अधिकाऱ्यांपैकी बहुतेकांना घरी जावे लागले. ज्यांना कायम व्हावयाचे होते त्यांना पुन्हा निवडीला तोंड द्यावे लागले. म्हणजे प्रतीक्षा अधिकारपद मिळाल्यावरही संपत नाही. वैद्य कायम झाले, १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत महावीरचक्राचे मानकरी ठरले आणि १९८३ साली सरसेनाध्यक्ष झाले. त्यांच्या दहा वर्षे आधी त्या पदावर आलेले जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे डेहराडूनच्या नियमित शिक्षणक्रमातून १९३७ साली कमिशन घेतलेले. आणि २०१९ च्या अखेरीस त्या पदावर आलेले पुण्याचे जनरल मनोज मुकुंद नरवणे खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून पुढे जाऊन १९८० साली कमिशन घेतलेले. तीन सेनाध्यक्ष, तीन वेगळ्या काळांतील तीन दारे. यावरून सर्व दारे सारखीच होती असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. आणीबाणीच्या दारातून शिरलेल्या हजारोंपैकी एक सेनाध्यक्ष झाला. बाकीच्यांना कोणत्या नोकरीत जावे लागले ते पाहिल्याशिवाय त्या दाराचे मोल ठरविता येत नाही.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे थोडक्यात आटोपतो. सुदानने दिलेल्या एक लाख पौंडांच्या देणगीचा तिच्या उभारणीस हातभार लागला, मुंबई सरकारने जमीन दिली, ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंनी कोनशिला बसविली, आणि डेहराडूनला तात्पुरते चाललेले छात्र १९५४ च्या अखेरीस येथे आल्यावर १६ जानेवारी १९५५ रोजी उद्घाटन झाले. शाळा संपताच, पदवीपूर्वी, मुलाला हाती घ्यावयाचे आणि तिन्ही दलांचे शिक्षण एकत्र द्यावयाचे, ही या संस्थेमागील कल्पना. तिच्यामुळे निवडीचे वय साडेसोळा ते साडेएकोणीस एवढ्या अरुंद पट्टीत आले. इंग्रजी राजवटीत दार अरुंद होते ते वंशामुळे व पैशामुळे. स्वतंत्र भारतात ते वयामुळे आणि संख्येमुळे अरुंद झाले. महाराष्ट्र शासनाने तयारीच्या बाजूने काही प्रयत्न केले. साताऱ्याची सैनिक शाळा, देशातील पहिली, २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ सालची.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर पुण्यात जे घडले ते मात्र प्रबोधिनीच्या तेजात झाकोळून गेले आहे. नियमित संस्थांतून मिळणारे अधिकारी पुरणार नाहीत हे उघड झाल्यावर पुन्हा आणीबाणीची कमिशने द्यावयास आरंभ झाला आणि त्यासाठी दोन अधिकारी प्रशिक्षण शाळा उघडण्यात आल्या. एक मद्रासला, दुसरी पुण्यास. पुण्याची शाळा १९६४ साली बंद झाली. मद्रासची टिकली व अल्पसेवा कमिशनचे केंद्र बनली. १९६४ सालीच सैनिकांतून अधिकारी घडविणारे आर्मी कॅडेट कॉलेज नौगांवहून पुण्यास आले व १९७७ पर्यंत, म्हणजे डेहराडूनला जाईपर्यंत, येथे राहिले. म्हणजे साठ आणि सत्तरच्या दशकांत शालेय विद्यार्थी आणि सेवेतील जवान या दोहोंची अधिकारपदाची शाळा एकाच पुणे परिसरात होती. ज्या वर्षांत पिंपरी-आकुर्डीत मोटारी व स्कूटरचे कारखाने उभे राहत होते तीच ही वर्षे. आणीबाणीच्या कमिशनवरील पुष्कळ अधिकाऱ्यांना पुढे मुक्त करण्यात आले व त्यांच्यासाठी केंद्रीय सेवांच्या परीक्षांत काही जागा राखून ठेवाव्या लागल्या. राष्ट्राला गरज असताना झटपट बोलावलेल्या माणसांचे नंतर काय करावयाचे हा प्रश्न १९४६ साली होता, तोच १९६६ नंतर पुन्हा उभा राहिला. आणि अल्पसेवा कमिशनच्या रूपाने तो अद्यापि पुरता सुटलेला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही प्रतीक्षा सर्वांत लांबली. लष्करी वैद्यकीय सेवेतून त्या पूर्वीपासून अधिकारी होत होत्या. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या. इतर शाखांचे दार १९९२ साली उघडले, तेही अल्पसेवेपुरते. कायम कमिशनविषयी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १७ फेब्रुवारी २०२० चा. खडकवासल्याची परीक्षा मुलींना देता यावी हा त्याच न्यायालयाचा अंतरिम आदेश १८ ऑगस्ट २०२१ चा. पुढल्या वर्षी मुली प्रबोधिनीत दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ रोजी सतरा जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. प्रबोधिनीच्या उद्घाटनापासून हा दिवस सत्तर वर्षांनी आला.

आता औद्योगिक पट्ट्याकडे परत वळतो. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची, महानगरपालिका १९८२ ची. येथे वसलेली कुटुंबे प्रायः कामगारांची, तंत्रज्ञांची, अभियंत्यांची. सातारा, सांगली, मराठवाडा, खानदेश येथून आलेली. त्यांच्या मुलांपुढे दोन शिड्या उभ्या असतात. एक अभियांत्रिकीची, जिच्या वरच्या टोकाशी भोसरीचा वा चाकणचा कारखाना डोळ्यांना दिसतो. दुसरी अधिकारपदाची, जिचे टोक खडकवासल्याच्या टेकड्यांत आहे. या दोन शिड्या परस्परविरोधी नाहीत. बारावीच्या शास्त्र विषयांतील गुण आणि अलीकडे जेईई मेन परीक्षा यांच्या बळावर, लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेवाचून, थेट निवड मंडळापुढे जाण्याची तांत्रिक प्रवेशाची सोय आहे. तीतून निवडलेल्यांपैकी काहींचे अभियांत्रिकी शिक्षण दापोडीच्याच महाविद्यालयात होते. पदवीनंतर संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे, राष्ट्रीय छात्र सेनेची विशेष वाट आहे. आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींनी उद्घाटन केलेली प्रादेशिक सेना आहे, जिच्यात अधिकारी होण्यासाठी उमेदवार मुलकी व्यवसायात असावा लागतो. नोकरी हाच जेथे अडथळा न ठरता पात्रता ठरते अशी ही बहुधा एकमेव वाट. बेचाळीस वर्षांपर्यंत अर्ज करता येतो ही गोष्ट चाकणच्या कारखान्यातील किती अभियंत्यांस ठाऊक असेल, याविषयी मला शंका आहे.

प्रत्यक्ष प्रतीक्षेचे स्वरूप वेळापत्रकावरून उमगते. प्रबोधिनीची एक परीक्षा एप्रिलच्या सुमारास होते, दुसरी सप्टेंबरच्या सुमारास. लेखी परीक्षेचे गुण नऊशे, निवड मंडळाचे नऊशे. एप्रिलची परीक्षा दिलेला मुलगा निकाल, निवड मंडळाचे पाच दिवस व लष्करी रुग्णालयातील वैद्यकीय तपासणी यांतून पार पडतो. त्याचा प्रबोधिनीतील सत्रारंभ मात्र पुढील जानेवारीत असतो. अंतिम गुणानुक्रम यादी लागते तोवर पावसाळा सरलेला असतो. अभियांत्रिकीचे प्रवेश त्यापूर्वीच, जुलै-ऑगस्टात, आटोपतात. जागा धरून ठेवावयाची तर शुल्क भरावे लागते. न धरावी तर यादीत नाव नसल्यास वर्ष जाते. सँडहर्स्टच्या काळात श्रीमंत बापाने जो पैशाचा डाव खेळावयाचा तोच, लहान रकमेचा पण तितकाच बोचणारा, आज निगडीच्या गाळ्यात राहणारे कामगार कुटुंब खेळते.

अशा मुलास पर्याय सुचविताना शिक्षक बहुधा ‘काहीतरी हाताशी असू दे’ असे म्हणतात. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु त्यामागे पर्यायी वाट म्हणजे पराभवानंतरची वाट असे गृहीत असते, आणि वर दिलेला इतिहास त्या गृहीतास पुष्टी देत नाही. राणे, तारापोर, वैद्य यांच्यापैकी कोणीही प्रबोधिनीतून आलेला नव्हता. दुसऱ्या बाजूने, शासनाने या वाटा आपल्या गरजेप्रमाणे उघडल्या आणि मिटल्या हेही तितकेच खरे आहे. पुण्याची प्रशिक्षण शाळा सुमारे दोन वर्षे चालली, संस्थानी फौजा गेल्या, डेली कॉलेजचा वर्ग एकदाच भरला. पर्यायी वाटेचा भरवसा उमेदवाराने किती धरावा याचा विचार करताना ही बाजूही त्याच्यापुढे ठेवली पाहिजे.

यादीत नाव येणे हाही शेवट नव्हे. अंतिम यादी पुष्कळदा जागांच्या संख्येहून लांब असते. खालच्या क्रमांकावरील उमेदवार निवड मंडळात पसंत पडलेला असतो, परंतु वरच्यांपैकी कितीजण गळतात यावर त्याचा प्रवेश अवलंबून राहतो. तोवर तो आकुर्डीच्या वा निगडीच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेला असतो, शुल्क भरलेले असते, आणि पुढल्या परीक्षेच्या सत्रारंभाच्या तारखेस आपले वय साडेएकोणिसाच्या आत बसते की नाही याचा हिशेब त्याने केव्हाच करून ठेवलेला असतो.